क्लब विकायचा म्हणजे नेमकं काय विकायचं?

प्रश्न असा आला आहे: "मी पुण्याचा, चार वर्षांपासून लँकेशरमध्ये नोकरी करतो. ऑफिसात एक वयस्कर सहकारी आहेत, ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लिश फुटबॉल क्लबचे जुने चाहते. मी पुण्याचा म्हटल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, 'तुमच्या गावचे ते लोक आमचा क्लब विकून का टाकत नाहीत?' मला काही बोलता आलं नाही. चाहत्यांना मालक नकोत, मालकांना दरवर्षी तोटा होतो, मग विक्री अडते कुठे? आणि त्यांना मी सांगू तरी काय?"

मी मूळची कोल्हापूरची, चार्टर्ड अकाउंटंट. बावीस वर्षं इंग्लंडमध्ये कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचं आणि बुडीत कंपन्यांचं काम करते आहे. घर रेडिंगला आहे, त्यामुळे असल्या विक्रीचा त्रास कागदावर पाहिला तसा स्टँडमध्ये बसूनही सोसला आहे. उत्तर जरा लांबेल.

आधी ब्लॅकबर्नचं थोडक्यात, कारण पुण्यात अनेकांना यातलं निम्मंही माहीत नसतं. पोलादाच्या धंद्यात पैसा कमावलेले जॅक वॉकर याच गावचे. त्यांनी आपल्या लहानपणीच्या क्लबात पैसा ओतला आणि 1995 मध्ये रोव्हर्स प्रीमियर लीगचे, म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीचे, विजेते झाले. 2000 मध्ये वॉकर गेले. त्यांच्या ट्रस्टने नोव्हेंबर 2010 मध्ये क्लब वेंकीजला, म्हणजे कोंबडीपालनात नाव असलेल्या पुण्याच्या व्ही. एच. ग्रुपला विकला. किंमत 2 कोटी 30 लाख पौंड, शिवाय डोक्यावरचं कर्ज वेगळं. महिना व्हायच्या आत मॅनेजर सॅम ॲलरडाइस यांना काढलं, तेव्हा संघ तेराव्या क्रमांकावर होता. 2012 मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली आला, 2017 मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला आणि वर्षभराने दुसऱ्या श्रेणीत परतला. 7 मे 2012 च्या संध्याकाळी, क्लब खाली गेला त्या विगनविरुद्धच्या सामन्यात, कुणीतरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली कोंबडी मैदानावर सोडली होती. ते दृश्य जगभर गंमत म्हणून दाखवलं गेलं. तुमचे सहकारी त्या दिवशी ईवूड पार्कवर, म्हणजे क्लबच्या मैदानावर, असतील, तर त्यांच्यासमोर तो विषय हसत काढू नका.

आता मूळ प्रश्न. दुसऱ्या श्रेणीतला, म्हणजे चॅम्पियनशिपमधला क्लब विकत घेणं म्हणजे दर महिन्याला पडणारा खड्डा विकत घेणं. या लीगमध्ये कित्येक क्लबांचा नुसता पगारखर्च एकूण उत्पन्नाच्या वर जातो. शंभर पौंड आले तर एकशेवीस खेळाडूंनाच गेले, मग वीज, गवत, प्रवास, अकॅडमी सगळं बाकी. रेडिंगमध्ये तर एका काळात हे प्रमाण दोनशे टक्क्यांच्याही वर गेलं होतं. हे सगळे का करतात? वर गेलं की प्रीमियर लीगच्या टीव्हीचे पैसे मिळतात म्हणून. वर जागा दरवर्षी तीन, आणि त्यासाठी धडपडणारे चोवीस क्लब. वरून नुकतेच खाली आलेल्यांना पॅराशूट पेमेंट, म्हणजे पडझड सोसायला आधाराचा पैसा, मिळतो, त्यांच्याशी बरोबरी करायची तर बाकीच्यांचे मालक खिशातून भरतात. तीन वर्षांत 3 कोटी 90 लाख पौंडांपर्यंत तोटा चालेल असा लीगचाच नियम आहे. म्हणजे तोटा होणार हे गृहीतच धरलेलं आहे.

म्हणून खरेदीदार पहिला प्रश्न किंमतीचा विचारत नाही. घेतल्यावर दर महिन्याला किती घालावे लागतील, हे तो विचारतो. बरी हा क्लब डिसेंबर 2018 मध्ये एका पौंडाला विकला गेला होता. एक पौंड! आणि तरीही तो सौदा महागात पडला. नव्या मालकाकडे खड्डा भरायला पैसा आहे की नाही, याची लीगने नीट खात्री करून घेतली नव्हती. 27 ऑगस्ट 2019 ला बरीला लीगमधून काढून टाकण्यात आलं. 1885 सालचा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला, 125 वर्षं लीगचा सदस्य. शेवटच्या काही दिवसांत वाचवायला एक कंपनी पुढे आली होती, ती कागद पाहून मागे फिरली. मैदान गहाण होतं, आणि आधीच्या मालकाच्या काळात तिथल्या पार्किंगच्या जागासुद्धा गुंतवणूक म्हणून लोकांना विकलेल्या होत्या.

इथेच घोडं पेंड खातं. आपल्याकडे जमीन घेताना शहाणा माणूस आधी सातबारा काढतो आणि थेट 'इतर हक्क' या रकान्याकडे बघतो. बोजा कुणाचा, कूळ कोण, वहिवाट कुणाची. क्लबचंही तसंच आहे. चाहता ज्याला 'क्लब' म्हणतो ते कागदावर तीन-चार तुकड्यांत असतं. संघ आणि लीगची सदस्यता एका कंपनीत, मैदान दुसरीत, सरावाचं मैदान तिसरीत, आणि या सगळ्यांवर कर्ज देणाऱ्याचा बोजा. घर एकाच्या नावावर, अंगण दुसऱ्याच्या आणि विहीर तिसऱ्याकडे गहाण. असं घर कोण घेईल?

शेफील्ड वेन्सडेमध्ये हेच झालं. तिथले मालक डेजफॉन चानसिरी यांनी 2015 मध्ये क्लब घेतला. तोट्याच्या मर्यादेत बसावं म्हणून क्लबने आपलं हिल्सबरो मैदान मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला 6 कोटी पौंडांना विकलं. कागदावर नफा दिसला. पण तो व्यवहार चुकीच्या वर्षाच्या हिशेबात धरला म्हणून लीगने 12 गुण कापले, अपिलात ते 6 झाले, आणि त्याच हंगामात, 2021 मध्ये, क्लब खाली गेला. लीगने ही पळवाट पुढे बंद केली. विकलेलं मैदान मात्र विकलेलंच राहिलं. 2025 मध्ये पगार पुन्हा पुन्हा थकले. नॉर्थ स्टँड सुरक्षित नाही म्हणून हंगामाच्या तोंडावर बंद करावा लागला. 24 ऑक्टोबरला क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, म्हणजे देणी भागेनात म्हणून कारभार मालकाकडून काढून नेमलेल्या तज्ज्ञांकडे गेला, तेव्हा संघाच्या कंपनीबरोबर मैदानाच्या कंपनीवरही ॲडमिनिस्ट्रेटर नेमले गेले. माझ्या मते त्या दिवसाची सर्वांत चांगली बातमी तीच होती, पण ती कुठे ठळक आली नाही. दोन्ही तुकडे एकाच टेबलावर आले, म्हणून पूर्ण वस्तू विकायला काढता आली.

रेडिंगबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण ते मी जवळून पाहिलं. दाई योंगगे यांनी 2017 मध्ये क्लब घेतला. आधी भरमसाट खर्च, मग पैसा आटला. पगार उशिरा, कर थकलेला, आणि गुणांची कपात हप्त्याहप्त्याने, एकूण 18 गुण. 2023 मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. 2024 च्या उन्हाळ्यात महिला संघाला दुसऱ्या श्रेणीतून काढून थेट पाचवीत टाकलं गेलं. माझी मुलगी त्या संघाच्या सामन्यांना जायची, तिची ओढ होती त्या मुलींवर. हा निर्णय मला आजही गिळता येत नाही. पुरुष संघाच्या एका मधल्या फळीतल्या खेळाडूच्या काही महिन्यांच्या पगारात जो संघ वर्षभर चालला असता, तो आधी कापला गेला.

13 जानेवारी 2024 चा पोर्ट व्हेलविरुद्धचा सामना. कडाक्याची थंडी. आमच्या ओळीत माझ्या शेजारी एक आजोबा बसायचे, त्यांच्या कोटाचे दोन्ही खिसे फुगलेले. मी विचारलं तर त्यांनी एक टेनिस बॉल काढून माझ्या हातात ठेवला आणि दुसरा स्वतःकडे ठेवला. आयुष्यात मैदानावर कधी काही फेकलं नव्हतं, असं म्हणाले. त्या वेळेपर्यंत 16 गुण कापले गेले होते, म्हणून सोळावं मिनिट. त्या मिनिटाला शेकडो लोक मैदानात उतरले आणि मधल्या वर्तुळात जाऊन उभे राहिले. सामना रद्द झाला. आजोबा उतरले नाहीत, गुडघे साथ देत नव्हते. जागेवरच उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्यावर अनेकांनी मला विचारलं, सामना बंद पाडून काय मिळालं? दूर देशात बसलेल्या मालकाला काय फरक पडतो? मालकाला फरक पडला असेल-नसेल, पण ज्यांच्यावर परिणाम व्हायला हवा होता ती माणसं वेगळी होती: लीग, खासदार, आणि पुढचा संभाव्य खरेदीदार. त्याच वर्षी मार्चमध्ये क्लबचं बेअरवुडचं सरावाचं मैदान शेजारच्या विकम वाँडरर्सला विकायचा घाट घातला गेला. हे मैदान गेलं असतं तर उरलेला क्लब घ्यायला कोण आलं असतं? चाहत्यांनी विकमवर एवढा दबाव आणला की त्यांनी माघार घेतली. माझ्या दृष्टीने दोन-तीन वर्षांच्या त्या लढ्यातलं हे सगळ्यांत मोलाचं काम. 'मालक चले जाव' या घोषणेपेक्षा 'बेअरवुड हलता कामा नये' ही मागणी जास्त उपयोगाची ठरली, कारण ती नेमक्या एका कागदावर बोट ठेवत होती.

पुढची गंमत पहा. गंमत म्हणायला जीभ रेटत नाही खरं तर. तेव्हा विकमचे मालक होते अमेरिकन वकील रॉब कूहिग. विकम विकल्यावर हेच कूहिग रेडिंग घ्यायला आले. सौदा सप्टेंबर 2024 मध्ये अगदी दारात येऊन मोडला. पण बोलणी चालू असताना त्यांच्या कंपनीने क्लबला पैसे दिले होते, आणि त्यापोटी मालमत्तेवर बोजा चढवलेला होता. आपल्याकडे विसार देऊन सौदा मोडला की जे होतं तेच: विसार परत मिळेपर्यंत तो माणूस दारातून हलत नाही. नवा खरेदीदार आला, पण बोजा उतरत नव्हता आणि मामला कोर्टात गेला. अनेक महिने ते घोंगडं भिजत पडलं. मार्च 2025 मध्ये लीगने मालकालाच अपात्र ठरवून विकायची मुदत घातली, आणि मे 2025 मध्ये अखेर कूहिग यांनीच क्लब, मैदान आणि बेअरवुड असं तिन्ही एकत्र घेतलं. तिन्ही एकत्र, हे शब्द मी त्या दिवशी घरात मोठ्याने वाचून दाखवले होते.

आता मालकाच्या बाजूचा अडथळा. तो हिशेबाइतकाच मनाचाही असतो. काही वर्षांपूर्वी एका लहान कारखान्याच्या विक्रीत मी सल्लागार होते. कारखान्याची किंमत कशीही मांडली तरी पाच लाखांच्या वर जात नव्हती. मालक अठरा लाखांच्या खाली यायला तयार नव्हते. का? तर तेवढे त्यांनी घातले होते. मी तीन बैठकांत तेच समजावलं की घातलेला पैसा ही किंमत नसते. पटलं तेव्हा वर्ष गेलं होतं आणि देणारा तीन लाखांवर आला होता. फुटबॉलमध्ये हाच प्रकार कोटींमध्ये होतो. दहा वर्षं दरवर्षी खड्डा भरलेला मालक आकडा सांगतो तो आपल्या जखमेचा असतो. बाजार त्या आकड्याकडे बघतही नाही.

म्हणून मी कुठल्याही क्लबचे हिशेब उघडले की आधी एक गोष्ट बघते: मालकाने घातलेला पैसा कर्ज म्हणून दाखवलाय की त्याचे शेअर केलेत. शेअर केले असतील तर तो पैसा गेला, मालकाने सोडून दिला. कर्ज असेल तर तो उद्या मागू शकतो, आणि खरेदीदाराला त्याचा निकाल लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विक्रीच्या बातम्यांमध्ये 'मालक कर्जमाफी द्यायला तयार' हे वाक्य आलं, की समजा सौदा खरोखर हलतोय.

ब्लॅकबर्नला यात आणखी एक वेगळी गाठ आहे, आणि ती भारतातली आहे. क्लबचा खड्डा भरायचा पैसा भारतातून जातो. गेल्या काही वर्षांत तो पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि बँक हमी अशी अट आली. तारीख पडली, पुढे गेली, की तिकडे लँकेशरमध्ये खेळाडूंच्या बाजाराचे दिवस संपत आलेले असतात. क्लबच्या अकॅडमीतून घडलेला ॲडम व्हॉर्टन फेब्रुवारी 2024 मध्ये क्रिस्टल पॅलेसला गेला आणि पुढे काही महिन्यांतच इंग्लंडच्या युरो कपच्या संघात दिसला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वाधिक गोल करणारा सॅमी स्मॉडिक्सही गेला. घरचं सोनं विकून घरखर्च चालवावा तसं. तुमच्या सहकाऱ्यांचा राग बहुधा याच ठिकाणी आहे. मालकांनी पैसा घातला नाही, असं तिथला जाणता चाहता म्हणत नाही. तोटा दरवर्षी मालकांनीच भरला, हे त्याला ठाऊक असतं. गावाशी बोलणं तुटलं, मालक मैदानावर दिसेनासे झाले, निर्णय कुणी आणि का घेतला हे कळेनासं झालं, ही त्याची तक्रार आहे. ती मला पूर्ण रास्त वाटते.

'मग जाऊ दे दिवाळखोरीत, नवा मालक येईल' असं म्हणणारे भेटतात. ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेल्या गेल्या 12 गुण जातात. खेळाडूंचं आणि इतर क्लबांचं देणं पूर्ण द्यावंच लागतं. बाकीच्या विनातारण देणेकऱ्यांना पौंडामागे किमान 25 पेन्स मिळाले नाहीत तर आणखी 15 गुणांची टांगती तलवार. पूर्ण पैसे कुणाला मिळतात? वर्षाला लाखो पौंड घेणाऱ्या खेळाडूला. पंचवीस पेन्सवर कोण भागवतो? स्थानिक छापखाना, बससेवा, ॲम्ब्युलन्सवाले स्वयंसेवक, सामन्याला खायच्या 'पाय' नावाच्या भरलेल्या पेस्ट्री बनवून देणारी बेकरी. अशा देणेकऱ्यांच्या याद्या मी टाइप केल्या आहेत. 340 पौंडांसाठी फोन करणाऱ्या बाईंना 'पंचवीस टक्के मिळतील, तेही केव्हा सांगता येत नाही' असं सांगितलं आहे. तो मार्ग कधी कधी घ्यावाच लागतो, पण तो सुटका म्हणून कुणी खपवू नये.

चाहत्यांनी स्वतः घ्यावा का? पोर्ट्समथने घेतला. 2008 मध्ये एफए कप जिंकलेला क्लब दोनदा ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, चौथ्या श्रेणीपर्यंत घसरला, आणि एप्रिल 2013 मध्ये चाहत्यांच्या ट्रस्टने हजार-हजार पौंडांचे शेअर काढून तो वाचवला. तिथेही शेवटची गाठ फ्रॅटन पार्क मैदानावरच्या बोज्याची होती आणि ती हायकोर्टाच्या दारात सुटली. चार वर्षांनी त्याच चाहत्यांनी मतदान करून क्लब मायकल आइस्नर यांच्या कुटुंबाच्या कंपनीला विकला. मला तो निर्णय समजूतदारपणाचा वाटला. त्यांनी देणी फेडली आणि स्वच्छ सातबारा पुढच्याच्या हातात दिला. 2024 मध्ये पोर्ट्समथ तिसरी श्रेणी जिंकून वर आला.

तुमच्या सहकाऱ्यांसारख्या माणसाला आज काय करता येईल? कंपनीज हाउस या कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्लबच्या प्रत्येक कंपनीचे कागद फुकट बघता येतात. 'चार्जेस' या भागात बोजा कुणाचा ते दिसतं, मालकी कुणाकडे आहे तेही दिसतं. नवा बोजा 21 दिवसांत नोंदवावा लागतो, त्यामुळे दर महिन्याला एकदा नजर टाकली तरी पुरे. मैदान 'ॲसेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू', म्हणजे गावाच्या दृष्टीने मोलाची मालमत्ता, म्हणून स्थानिक काउन्सिलकडे नोंदवता येतं. मग मालकाला ते विकायचं झालं तर आधी काउन्सिलला कळवावं लागतं आणि गावाच्या संस्थेला सहा महिन्यांपर्यंत वेळ मिळू शकतो. जुलै 2025 मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स ॲक्ट झाला. त्यानुसार स्वतंत्र नियामक आला आहे, मालकाचा पैसा कुठून येतो हे तो तपासू शकतो, आणि मैदान विकायला त्याची मंजुरी लागेल. बरीच्या वेळी हा कायदा असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. बहिष्काराबद्दल विचाराल तर तो थोडा आणि नेमका असावा. शेफील्डच्या चाहत्यांनी 22 ऑक्टोबरचा मिडल्सब्रोविरुद्धचा सामना टाळला, अफाट हिल्सबरो ओस पडलं; दोन दिवसांनी मालकांचा ताबा गेला आणि तेच चाहते क्लबच्या दुकानासमोर रांगा लावून उभे राहिले, कारण आता त्यांचा पैसा क्लबलाच मिळणार होता. एवढी शिस्त मी धंद्यातल्या देणेकऱ्यांमध्येही फार पाहिलेली नाही.

आपल्याकडे हे दुःख कळायला जरा अवघड जातं. पुण्याचा एफसी पुणे सिटी 2014 मध्ये आला, बालेवाडीत खेळला आणि 2019 मध्ये बंद झाला. त्याची जागा हैदराबादला गेली. पाच वर्षांत मुळं किती खोल जाणार? ज्यांची गेली होती त्यांना वाईट वाटलंच. पण कोल्हापुरात जाऊन पाटाकडील तालमीचा किंवा खंडोबा तालमीचा मालक कोण असं विचारून बघा. लोक तुमच्याकडे बघत राहतील. तालीम पेठेची असते, तिला मालक कसा असेल? माझे वडील शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर मला शेजारी बसवायचे आणि 'आपला संघ' म्हणायचे, तेव्हा त्यांच्या नावावर एक कागदही नव्हता. ब्लॅकबर्नच्या माणसाच्या तोंडी 'आमचा क्लब' येतं ते त्याच अर्थाने.

तेव्हा त्यांना हे सांगा: वर्षाचा खड्डा मोठा आहे, भारतातून येणाऱ्या पैशाच्या वाटेत न्यायालय आहे, आणि इतकी वर्षं घातलेला पैसा मनातून सोडून देणं कुठल्याही मालकाला जड जातं. पुण्याचे म्हणून तुम्ही माफी मागायचं काही कारण नाही. मागितलीत तर ते बिचारे अवघडतील. त्यापेक्षा पुढच्या घरच्या सामन्याचं तिकीट त्यांच्या शेजारचं काढा. ते कुठल्या स्टँडमध्ये बसतात, 1995 मध्ये कुठे होते, त्यांच्याबरोबर तेव्हा कोण होतं, हे विचारा आणि मध्यांतरापर्यंत मध्ये बोलू नका.